उजव्या बटणातली काडी

आमच्या गल्लीत सत्यनारायण असला की तीर्थ वाटायला मी कधी पुढे होत नसे. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहायचो, अंबडच्या कारखान्यांना लागून, आणि गल्लीतली निम्मी पुरुषमंडळी प्रेसशॉपमध्ये कामाला होती. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, वाकवणारं मोठं मशीन. पळी घेऊन रांगेने जायला लागलं की एकेक उजवा हात पुढे यायचा आणि तीर्थ हातावर टेकायच्या आत खाली गळायचं. कुणाला करंगळी नसायची, कुणाला मधली दोन बोटं. माणूस ओशाळून तो ओला पंजा डोक्यावरून फिरवायचा आणि म्हणायचा, राहू द्या ताई, पोचलं. ते 'पोचलं' ऐकायला नको म्हणून मी मागेच थांबायची.

माझ्या नवऱ्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. इतकी वर्षं प्रेसवर काढून अख्खे हात घेऊन घरी येणारा माणूस म्हणून गल्लीत त्याचं कौतुक व्हायचं. कुणी ते माझ्यादेखत बोललं की मी पटकन विषय बदलायची. अर्थशास्त्र शिकवणारी बाई, पण दृष्ट लागते हे मी मानत होते. अजूनही मानते, कुणाला हसायचं तर हसू दे.

ज्युनिअर कॉलेजात मी बारावी कॉमर्सला शिकवायचे. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि स्टाफरूममध्ये नव्या आर्थिक धोरणाचं वारं भरलं होतं. आमचे एक ज्येष्ठ सर चहाच्या कपात बिस्किट बुडवत सांगायचे की आधी वरचे श्रीमंत होऊ द्या, मग ती श्रीमंती आपोआप खाली झिरपते. मी एकदा विचारलं, सर, आपल्यापर्यंत यायला किती वर्षं लागतील? त्यांना ते आवडलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा लौकिक तिथे आधीपासूनच होता.

पुस्तकात वेतनाचा एक धडा होता. पूर्ण स्पर्धा असली की कामगाराला त्याच्या श्रमाने उत्पादनात जेवढी भर पडते तेवढंच वेतन मिळतं, ना कमी ना जास्त. धनी लुबाडत नाही, कामगार रडत नाही, बाजार सगळ्यांचा हिशेब चोख करतो. खाली उतरत जाणारी एक सुबक रेषा मी फळ्यावर काढायची. पोरं ती वहीत उतरवून घ्यायची, पेपरात काढायची, मार्क मिळवायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग धाकटे भाऊजी नाशिकला आले. सासरे मनमाडला रेल्वेत होते आणि घरात नोकरी म्हणजे पर्मनंट नोकरी, दुसरी कसली असते हे कुणाला ठाऊकच नव्हतं. भाऊजींनी बारावीनंतर आयटीआय केलं होतं, अंगात रग होती, एका मुलीचं स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. मुलीच्या वडिलांची एकच अट होती, मुलगा पर्मनंट झाला की साखरपुडा. भाऊजी माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत लागले, पण ठेकेदारामार्फत. मशीन नवऱ्याच्या शेजारचंच, काम तेच, पत्रा तोच.

मी सकाळी दोन डबे भरायची, एकाच कढईतली भाजी, एकाच परातीतल्या पोळ्या. कंपनीच्या गेटातून आत गेल्यावर मात्र त्या दोन डब्यांची जात बदलायची. नवऱ्याला निळा गणवेश, जाड बूट, कॅन्टीनमध्ये बाक. भाऊजींना स्वतःचा शर्ट, पायात चप्पल, आणि जेवायला बाहेर कंपाउंडच्या भिंतीची सावली. पगाराचं तर विचारूच नका, एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांत ते बोलायचीही लाज वाटायची. नवरा काही दिवस आपला डबा घेऊन भिंतीपाशी जाऊन बसला. सुपरवायझरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की बरं दिसत नाही. पुढच्या आठवड्यात दोघांच्या जेवणाच्या सुट्ट्याच वेगळ्या केल्या.

मी संतापले. भाऊजी हसले. बारावीला त्यांनी हेच पुस्तक वाचलं होतं आणि त्यांचा त्या धड्यावर देवावर असावा तसा विश्वास होता. म्हणाले, "वहिनी, तुमच्याच पुस्तकात हाय ना, जो जास्त माल काढील त्याला जास्त मिळंल. मी लय काढीन. मग कसे पर्मनंट करत नाय ते बघतो." मी म्हटलं, भाऊजी, ते पास होण्यापुरतं असतं. ते म्हणाले, मग तुम्ही शिकवता कशाला?  आम्ही तिघंही हसलो.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा होते आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. एरवी लोखंडाच्या दणक्यांनी हादरणारी ती शेड त्या दिवशी इतकी गप्प असते की आपण कुणाच्या तरी समोर उभे आहोत असं वाटतं. मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून उभी होती. नवऱ्याने मला कौतुकाने आपलं मशीन दाखवलं. समोर दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, मग पत्र्याजवळ हात जाईलच कसा? ज्याने हे शोधलं त्याची आई धन्य, असं नवरा म्हणाला. त्याच्या दहा बोटांचं गुपित एवढंच होतं.

शेजारी भाऊजींचं मशीन. त्यावर माळ तशीच, कुंकू तसंच. फक्त उजवं बटण आत गेलेलं होतं आणि त्याच्या फटीत काडेपेटीतली एक काडी खोचलेली होती. बटण दाबलेलंच राहावं म्हणून. पूजा करणाऱ्याने काडीवरही कुंकू लावलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. डावा हात बटणावर, उजवा मोकळा, पत्रा सरकवायला थेट ठोकळ्याखाली, म्हणजे काम दुप्पट वेगाने. ठेक्यावरची सगळीच तसं करत होती. सुपरवायझरला माहीत होतं. तपासणीला साहेब येणार असले की काड्या निघायच्या, साहेब गेले की परत बसायच्या.

नवऱ्याने सगळ्यांसमोर ती काडी उपटून फेकली आणि भावाला शिवी घातली. भाऊजी खाली मान घालून पेढा खात राहिले. दसरा झाला, शेड सुरू झाली, काडी परत बसली.

पुढे जे झालं ते मला त्या वेळी नीट दिसलं नव्हतं. मी भाऊजींच्या हाताकडे बघत राहिले. रोज संध्याकाळी ते आले की मी पाण्याचा तांब्या पुढे करायची, तो केवळ त्यांचा पंजा बघायला. पंजा अख्खा असायचा. मी मनातल्या मनात सप्तशृंगीला हात जोडायची.

भाऊजी खरंच लय माल काढू लागले. ऑफिसातून एक माणूस स्टॉपवॉच घेऊन आला आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहिला. त्याने खूश होऊन काहीतरी टिपलं. भाऊजींना वाटलं, झालं, आता ऑर्डर येणार. आली, पण ती सगळ्या शेडसाठी. आजपासून प्रत्येकाने एवढेच नग काढायचे, पर्मनंट असो की ठेक्यावरचा. भाऊजींचा वेग हाच सगळ्यांचा नेम झाला. वरून शेडच्या दारात फळा लागला, त्यावर रोज सगळ्यांची नावं, जास्तवाला वर, कमीवाला खाली. आणि तळाच्या नावांना ऑफिसात बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा कागद दाखवायला सुरुवात झाली.

माल वाढला, कंपनीच्या गेटावर नवा ग्रॅनाइट लागला, मालकाची गाडी बदलली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! भाऊजींच्या वाट्याला पर्मनंटची ऑर्डर काही आली नाही. ठेकेदार म्हणत राहिला, बघू पुढच्या वर्षी.

घरात नवरा बोलेनासा झाला. पूर्वी आल्या आल्या चहा घेत शेडमधल्या गमती सांगायचा. आता जेवायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा. मला वाटलं, भावाची काळजी. मग एका रविवारी कपडे भिजवताना त्याच्या निळ्या शर्टाच्या खिशातून काडेपेटी निघाली. माझा नवरा विडी-सिगारेटच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. ती काडेपेटी हातात घेऊन मी न्हाणीघरात किती वेळ बसून राहिले, सांगता येणार नाही. 

मी त्याच्यापुढे ती ठेवली. तो म्हणाला, "फळ्यावर सगळ्यात खाली माझं नाव आहे. माझ्या भावाने मला खाली नेलंय आणि त्याला ते कळतही नाही. त्याला सांगू नकोस." मी रडले, ओरडले, शपथा घातल्या. तो शांतपणे म्हणाला की घराचे हप्ते चालू आहेत, चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतं? थोडे दिवस. नाव जरा वर गेलं की काडी काढून टाकीन.

मी सांगणार नाही कशी? मी त्याच दिवशी भाऊजींना गाठलं. म्हटलं, पाया पडते, थोडं हळू काढा, तुमच्यामुळे तुमचा दादा काडी लावतोय.  ते चपलेच्या अंगठ्याने फरशी घासत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी हळू झालो तर उद्या ठेकेदार मला काढील आणि माझ्या जागी दुसरा आणील. तो तर माझ्याहून लहान अन् चपळ असंल. दादाचं नाव तरी वर येईल का?"

त्यांचं खोटं नव्हतं, हेच भयंकर होतं. दोघं भाऊ एकमेकांसाठी जीव टाकणारे, आणि दोघांपैकी एकालाही थांबता येत नव्हतं. माझं पुस्तक याला स्पर्धा म्हणतं. दोघंही स्वतंत्र आहेत, आपल्या मर्जीने निवड करतात, असं त्यात लिहिलंय. कप्पाळ! दुसऱ्या दिवशी वर्गात तीच रेषा काढताना माझा हात थांबला. मी मुलांना म्हटलं, ही रेषा खरी ठरायला एक गोष्ट आधी धरून चालावी लागते, की मशीनपुढे उभ्या माणसाला 'नाही' म्हणता येतं. पेपरात लिहू नका, मार्क जातील. पण डोक्यात ठेवा. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मॅडम, आणि नाही म्हणता येत नसेल तर? मी डस्टर उचलला आणि फळा पुसला.

कॉलेजातच निरोप आला. शिपायाने दारातूनच सांगितलं, मॅडम, कंपनीतून फोन होता, दवाखान्यात बोलावलंय. मी दवाखान्यात पोचले तेव्हा भाऊजी जिन्याच्या पायरीवर बसले होते, शर्ट रक्ताने भरलेला. रक्त त्यांचं नव्हतं. मला बघून ते उठले आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले, जणू ते अख्खे राहिले याची माफी मागत होते.

नवऱ्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

कंपनीची चौकशी लवकर आटोपली. बटणात काडी सापडली, काडी कामगाराने स्वतः लावलेली, सुरक्षेचा नियम त्याने स्वतः मोडलेला. सगळं त्याचंच, त्याच्याच मर्जीने. सुपरवायझरने सांगितलं की आम्ही तर नेहमी बजावत होतो. मग तो कागद घरी आला. स्वेच्छानिवृत्ती. नवऱ्याने डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोरासारखी वाकडी. ती बघून मी त्या कागद आणणाऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

रिकाम्या झालेल्या मशीनवर कोण, हे चारच दिवसांत ठरलं. भाऊजी. पर्मनंट म्हणून नव्हे, ठेक्यावरच. ती पर्मनंटची जागा कंपनीने कागदावरूनच पुसून टाकली होती. ज्या जागेसाठी ते धावले ती जागाच उरली नव्हती.

त्या सकाळी सवयीने मी दोन डबे काढले आणि एक परत फळीवर ठेवला. भाऊजी दारात उभे होते, चप्पल पायात, पण पाय उचलेना. म्हणाले, मी नाय जात, मनमाडला परत जातो.  मला ते हवं होतं आणि नकोही होतं, कारण घरात आता भाऊजींखेरीज मिळकत म्हणजे फक्त माझा पगार, आणि ज्याच्यावर हप्ते निघायचे तो हात पांढऱ्या पट्टीत होता.

नवरा आतून आला. ओट्यावरचा डबा त्याने डाव्या हाताने उचलला. आमच्यात डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत. त्याने तो भावापुढे धरला.

"जा," तो म्हणाला. "मशीन रिकामं ठेवत नाहीत ते."

भाऊजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मी वाट बघत होते की आता नवरा म्हणेल, काडी लावू नकोस. तो तसं म्हणाला नाही. भाऊजींच्या शर्टाच्या खिशात काडेपेटीचा चौकोन उमटला होता आणि आम्हा तिघांनाही तो दिसत होता.