कालवं आणि माझं तोंड

हसणार असाल तर आधीच हसून घ्या राव, कारण हे सांगताना माझं मलाच कसंतरी होतं. माझं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि तेही समुद्रापासून इतक्या लांब, पिंपरीच्या बाजारात, एका मासळीच्या हॉटेलात!

मी मूळचा बार्शीकडचा, चाकणला कंपनीत. प्राजू माझ्याच कंपनीतली, घर मालवणचं. तिचे वडील म्हणाले, “मुलाला जेवायला बोलाव. माणूस ताटावर कळतो.”

आता काय, परीक्षाच की! आमच्या घरात मासा म्हणजे वर्षातून एकदा तळ्यातला. पण प्राजूला मी आधीच सांगून बसलो होतो, “मासे? जीव की प्राण!”

रविवारची दुपार. मी, प्राजू आणि तिचे वडील, म्हणजे काका. हॉटेलात ही गर्दी! दारातच बर्फावर पापलेटं मांडलेली, आत तव्यांचा चर्रर्र, वेटर स्वयंपाकघराकडे बघून ओरडतायत, कुणाचं कुणाला ऐकू येईल तर शपथ.

काका माझ्याकडे झुकून म्हणाले, “कालवं चालतात ना?”

मला ऐकू आलं, कालवण. म्हणजे आपला रस्सा हो! माझा जीव भांड्यात पडला.

“चालतं म्हणजे? कालवणाशिवाय घास उतरत नाही मला!”

काकांचे डोळे चमकले. त्यांना त्या गोंगाटात काय ऐकू गेलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

“बार्शीत? रोज?”

“दोन्ही वेळा. घरोघरी असतं काका.”

“अरे वा! ताजी कुठून येतात पण?”

“ताजंच पाहिजे असं काही नाही,” मी आता रंगात आलो होतो. “शिळं कालवण तर आणखी भारी लागतं. रात्रीचं सकाळी.”

काकांचा पाण्याचा ग्लास हवेतच थांबला. “शिळी? उन्हाळ्यात?”

“लहानपणी आमच्याकडे फ्रिज कुठला! जरा आंबूस व्हायचं, पण भाकरी कुस्करली की पोटात गडप.”

“आणि… काही होत नाही?”

“काय व्हायचंय? आजी तर नव्वदीतही वाटी तोंडाला लावायची!”

प्राजू टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. मला वाटलं, प्रेमानं देतेय. मीही हळूच दिला.

तेवढ्यात वेटरनं ताट ठेवलं. ताटात काय? दगड! राखाडी, ओबडधोबड, अर्धे उघडलेले, आत काहीतरी लिबलिबीत, आणि बाजूला लिंबाच्या फोडी.

मी वेटरला हळूच म्हणालो, “भावा, हे शेजारच्या टेबलाचं दिसतंय. आमचं कालवण आण की.”

“हीच की कालवं, साहेब! समुद्रातल्या शिंपल्यांतली!”

“अरे, रस्सा कुठाय मग?”

काकांनी हातातलं लिंबू खाली ठेवलं. “म्हणजे तुम्ही मघापासून… रश्श्याबद्दल बोलत होता?”

मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

मग काका असे हसले, असे हसले, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. डोळे पुसत म्हणाले, “अहो, मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता! म्हटलं, उन्हाळ्यात शिळी कालवं पचवणारा माणूस. आमच्या प्राजूच्या हातचं जेवण याला सहज झेपेल!”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. तुम्ही बसला असता. पण हातातला होकार निसटतोय म्हटल्यावर मी घाईघाईनं बोलून गेलो, “काका, होकार तेवढा राहू द्या! आंबलेलं मी खरंच खातो. प्राजूच्या हातचंसुद्धा खाईन!”

काकांनी होकार कायम ठेवला. प्राजूनंही ठेवला, पण एका अटीवर.

तेव्हापासून आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये गॅसपाशी मी असतो, आणि ती सोफ्यावरून विचारते, “झालं का रे? की आंबू देतोयस?”