हत्तींचं पुढे काय झालं?

सुलभाबाईंवर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि वाचकांची माफी मागतो. बाईंनी वर्ध्याच्या शाळेत कितीतरी वर्षं इतिहास शिकवला. त्यांचे विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, वकील आहेत. त्यांच्यापैकी कोणी लिहिलं असतं तर ते नीट झालं असतं. मी त्यांच्यासमोर बाकावर एक दिवसही बसलेलो नाही. त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते एकदाच, तेही दीडेक तास. माझे वडील तळेगावच्या चौकात सायकलींची पंक्चरं काढतात, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि छापण्यासाठी काही लिहायची ही माझी पहिलीच वेळ आहे. पण बाईंना जाऊन आता सहा आठवडे झाले, आणि एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही... कारण एक वर्षभर बाईंचा आवाज माझ्याकडे होता.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या तळेगावच्या शाळेत इतिहासाला शिक्षक नव्हते. आमचे हेडसर बाईंचे जुने विद्यार्थी. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाईंचा आवाज गेला आणि त्यांना नोकरी मुदतीआधी सोडावी लागली, हे कळल्यावर सर त्यांना भेटायला वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला गेले. बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, "आवाज गेला त्याचं एवढं नाही. वर्ग गेला." सर परत आले ते डोक्यात काहीतरी घेऊनच. नागपूरला स्थायिक झालेल्या गावच्या एका माणसानं शाळेला कॉम्प्युटर दिला होता, तो कापडाखाली झाकून ठेवलेला असे. सरांनी आपल्या ऑफिसातल्या टेलिफोनची तार खिडकीतून काढून त्याला जोडली. बोरगावला बाईंच्या धाकट्या बहिणीनं, नलूताईंनी, घरी कॉम्प्युटर घेतलेलाच होता. मग मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बाई तिकडे टाईप करायच्या आणि इकडे आमच्या पडद्यावर एकेक ओळ उमटायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आधी नुसती रिकामी जागा, मग एकदम एक ओळ... धुक्यातून कोणी चालत यावं आणि जवळ आल्यावर ओळखू यावं, तशी. "ऑनलाइन" हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. आम्ही एकमेकांना विचारायचो, "बाई आल्या का बे?"

पडदा एक आणि पोरं चाळीस. म्हणून ओळी कोणीतरी मोठ्यानं वाचायच्या असं ठरलं. चौकातल्या ट्रकांच्या आवाजावर ओरडून बोलायची मला सवय होती, म्हणून सरांनी मला बसवलं आणि बाईंना माझं नाव कळवलं. पहिली ओळ रोज तीच असायची, "सगळे आलात?" मी वाचायचो, "सगळे आलात?" वर्ग म्हणायचा, "होऽऽ", आणि मी एका बोटानं "हो" टाईप करायचो. हळूहळू असं झालं की मी वाचतोय हे पोरं विसरली. मी बाईंसारखा थांबायला लागलो, त्यांनी तीन टिंबं दिली की श्वास घ्यायला लागलो. बाईंचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे आमच्यापुरता बाईंचा आवाज म्हणजे माझाच.

टेलिफोनवर हेडसरांनी पाटी लावली होती, "फोन उचलू नये. बाई शिकवत आहेत." कारण मध्येच कोणी रिसीव्हर उचलला की लाईन तुटायची आणि पुन्हा लागायला अर्धा तास जायचा. आमचे शिपाई बाबाराव ती पाटी रोज पुसून लख्ख करायचे आणि फोन हमखास उचलायचे.

बाईंनी जग आम्हाला पुस्तकात दाखवलं नाही. त्यांनी आधी आमचं मैदान पावलांनी मोजून कळवायला सांगितलं. मग एका शुक्रवारी त्या तिकडून सांगत गेल्या, मी खिडकीतून ओरडत गेलो आणि पोरं चुन्याची रेघ ओढत गेली... कडुलिंबापासून तीस पावलं उगवतीकडे, तिथे इजिप्त. हातपंपाजवळ ग्रीस. तिथून मावळतीला लांब पाय काढा, मध्ये बुटासारखा देश येईल. त्याच्या खाली, पाण्यापलीकडे, कार्थेज. तासाभरात मैदानावर भूमध्य समुद्र पसरला. हिवाळ्यातलं कोवळं ऊन त्यावर पडलं होतं आणि आम्ही सगळे आपापल्या शहरांत उभे होतो. मध्येच एक बकरी रोममधून निघाली आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेली. मी ते बाईंना कळवलं. त्यांची ओळ आली, "जाऊ दे तिला. तिच्या आधीही पुष्कळ जण तसे गेलेत." अजूनही डोळे मिटले की ते मैदान दिसतं, आणि खरं सांगायचं तर कॉलेजातल्या नकाशापेक्षा मला तेच खरं वाटतं.

त्याच मैदानावर मी ती गोष्ट केली.

बाई त्या दिवशी कार्थेजच्या सेनापतीची मोहीम सांगत होत्या. तो हत्ती घेऊन रोमवर निघाला होता, समुद्रानं नाही, बर्फाच्या डोंगरावरून. मैदानाच्या कडेला नव्या खोलीच्या बांधकामासाठी गिट्टीचा ढीग पडला होता, तोच डोंगर. पोरं हत्ती होऊन त्यावर चढत होती. प्रणिता, आमच्या वर्गातली सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी, सगळ्यांत पुढे, अगदी टोकावर. "हत्ती शिखरावर पोचले," मी वाचलं. "खाली उतार आहे आणि उतारावर गोठलेला बर्फ. पहिल्या हत्तीनं पाय पुढे टाकला..." आणि पडदा थांबला. ऑफिसातून बाबारावांचा आवाज आला, "हॅलो? हॅलो? कोन बोलून राह्यलं?"

"बाबाराव, ठेवा ना फोन!" सर ओरडले.

"मी तं नुसतं हॅलो म्हनलं, सर. घंटी वाजल्यासारखी वाटली मले."

लाईन गेली ती गेलीच. खिडकीबाहेर वर्गातली सगळी पोरं गिट्टीवर एक पाय पुढे काढून उभी.

"मंग काय झालं?" प्रणिता वरून ओरडली. "दिनेश, वाच ना बे! आमी काय इथंच उभं राहाचं का?"

"हत्ती मेले का?" मागून कोणीतरी विचारलं.

मी सांगायला हवं होतं की लाईन गेली. एवढं साधं होतं ते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कसं कोण जाणे, माझ्याच तोंडून बाईंचा थांबा घेऊन शब्द आले, "हत्ती... सगळे खाली उतरले. एकही पडला नाही. खालच्या गावच्या लोकांनी त्यांना चारा घातला. उन्हाळा लागल्यावर ते जहाजात बसून आपल्या घरी परत गेले." पोरं आरडाओरडा करत ढिगावरून खाली धावली. त्या आरडाओरड्यात मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

लाईन कुठल्या ओळीवर तुटली हे बाईंना कळलं नव्हतं, मी ते कळवलं नाही, आणि पुढच्या तासाला त्यांनी पुढचा धडा सुरू केला. महिन्याभरानं बाईंनी चाचणीचा पेपर पाठवला. पाचवा प्रश्न होता, "हत्तींचे पुढे काय झाले?" माझ्या भोवती सगळ्यांची पेनं भराभर चालू लागली. सगळे चारा आणि जहाज लिहीत होते. मला मात्र ते लिहिता येईना. माझंच खोटं मी बाईंना कसं लिहून देणार? खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. मी जागा कोरी सोडली. पेपर एसटीनं बोरगावला गेले आणि आठ दिवसांनी तपासून आले. पाचव्या प्रश्नावर कोणाच्याच पेपरात बरोबरची खूण नव्हती, चुकीचीही नव्हती. त्या मंगळवारी "सगळे आलात?" नंतर पडद्यावर ओळ आली आणि मला ती वाचावी लागली, "पाचवा प्रश्न मी रद्द केला आहे. ते मी नीट शिकवलं नव्हतं. चूक माझी आहे." मी वाचलं. माझ्या आवाजात, मोठ्यानं... चूक माझी आहे. वर्गाला वाटलं, बाई बोलल्या.

वर्षाच्या शेवटी सर आम्हाला सेवाग्रामच्या सहलीला घेऊन गेले आणि येताना बोरगावला बाईंच्या घरी. लहानशी बैठकीची खोली, कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण, बाजूला पृथ्वीचा गोल. बाई बारीक होत्या, गळ्याला सुती रुमाल बांधलेला. आम्ही येणार म्हणून नलूताईंनी परातभर चिवडा करून ठेवला होता. बाईंनी पाटीवर लिहिलं, "वाचणारा कोण?" पोरांनी मला पुढे ढकललं. मग त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं, "वर्षभर मी कशी बोलले ते मला ऐकायचं आहे." नलूताईंनी छापून ठेवलेल्या धड्यांतला एक कागद दिला. मी वाचायला लागलो. बाईंनी डोळे मिटले. ओळीओळीबरोबर त्यांचे ओठ हलत होते, आणि मी श्वास घेतला की त्याही घेत होत्या. वाचून झाल्यावर मी कागद नलूताईंना परत दिला. तेव्हाच सांगायचं होतं मला. "बाई, ते हत्ती..." एवढं मनात जुळवलंही होतं. पण त्यांनी पाटीवर लिहिलं, "छान आवाज आहे माझा," आणि सगळे हसले, आणि माझं राहून गेलं.

पुढे मी वर्ध्याला कॉलेजात आलो. खोलीपासून बोरगाव सायकलनं पंधरा मिनिटं. दोन वर्षांत एकदाही गेलो नाही. आई दर फोनला विचारायची, "बाईले भेटला का रे? काऊन नाई गेला?" मी परीक्षेचं कारण द्यायचो. ग्रंथालयात एकदा ते प्रकरण सापडलं. हत्ती बर्फावरून उतरले होते, पण पुढच्या लढाईनंतर त्या हिवाळ्यातल्या थंडीनं मेले, एवढीच ओळ होती. मी पुस्तक मिटलं. आमच्या वर्गातल्या पोरांच्या मनात अजून ते जहाजात बसून घरी जात होते... आणि ते बाईंच्या नावावर.

शेवटी कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत बसून मी बाईंना ईमेल लिहिला. इंग्रजी अक्षरांत मराठी, त्यांच्यासारखंच. सगळं लिहिलं. "तुमचा आवाज मला ठेवायला दिला होता, त्यात मी खोटं घातलं," असं लिहिलं. मग रोज जाऊन बघायचो. आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटलं, बाई रागावल्या, आणि ते बरोबरच होतं.

सतराव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या ओळी मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो. शेजारचा मुलगा वळून बघायला लागला, तेव्हा गप्प झालो. उत्तर नलूताईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं...

"दिनेश, ताई गेली. आज बारावा दिवस. तुझा ईमेल आला तेव्हा ती पलंगावरून उठत नव्हती, म्हणून मी तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला. ती हसली. तिला ते तेव्हाच माहीत होतं. सगळ्या पेपरांत हत्ती घरी पोचले होते आणि एकच जागा कोरी होती. ती कोरी जागा कोणाच्या पेपरात, हे पाहून तिला फार बरं वाटलं होतं, असं तिनं पाटीवर लिहिलं. मग पुसून तुझ्यासाठी आणखी एक ओळ लिहिली. तिच्या हातची ती शेवटची, म्हणून मी अजून पुसलेली नाही. ओळ अशी आहे : दिनेशला सांग, वर्गालाही सांगू दे, एक हत्ती वाचला होता."