हळद-कुंकू वाहिलेला ऑप्शन

ती घटना आठवली की आजही मला एकट्याला बसल्या जागी हसू फुटतं, आणि थोडी शरमही वाटते. शरम अशासाठी की त्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझी होती.

दोन हजारच्या दशकाचा मधला काळ. मी भाईंदरला फौजदार होतो. बाजार रोज वर चढत होता आणि केबिन रोडवर चहाच्या टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे शेअरवर बोलत होते. एका शुक्रवारी सकाळी ठाणे अंमलदाराने एका काकांना माझ्यासमोर आणून बसवलं. भाईंदर पश्चिमेला राहणारे, मूळचे रत्नागिरीचे, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लॅस्टिकची पिशवी.

"साहेब, माझे पाचशे शेअर चोरीला गेलेत," ते म्हणाले. "काल संध्याकाळपर्यंत होते. आज खात्यात एक नाही."

पिशवीतून त्यांनी दलालाच्या ऑफिसचा छापील कागद काढला. त्यावर हळद-कुंकू वाहिलेलं होतं. महिनाभर तो देव्हाऱ्यात ठेवला होता म्हणे.

"अडीच हजारांचा शेअर मला साठ रुपयांत मिळाला होता. मुलीच्या मुलाचं शिक्षण होईपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. तीस हजार गेले हो माझे."

साठ रुपयांत अडीच हजारांचा शेअर कसा मिळतो, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पण मला तरी बाजारातलं काय कळत होतं? माझी सगळी बचत भविष्य निर्वाह निधीत. मी तक्रारी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दलालाला फोन लावला. दलालाने मी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "साहब, टर्मिनल तो वो लडकी चलाती है. उसको पूछो. मेरेको कुछ मालूम नहीं."

न विचारता दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्या माणसाकडे आधी बघावं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मात्र मीच विसरलो. सौद्यांचा कॉम्प्युटर चालवणारी ती मुलगी भाईंदरच्याच गोडदेव गावातली, त्या दिवशी रजेवर होती. मी वर्दीतला शिपाई तिच्या घरी पाठवला.

दुपारी ती आली, सोबत तिचे वडील. चोवीस-पंचवीस वर्षांची, ओढणीचं टोक मुठीत धरलेली. मी महिला शिपायाला शेजारी बसवलं आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. वडिलांना राहवलं नाही.

"साहेब, माजी पोर चोर न्हाय. परवा रविवारी तिचा साखरपुडा हाय. तुमचा पोलीस दारात आला नि आख्खा गाव बोलाया लागला. पोराकडच्यांचा फोन आला, म्हनतात थांबा, काय हाय ते आधी कळू द्या."

एका शिपायाला पाठवायला मला दहा मिनिटंही लागली नव्हती. तेवढ्यात एका मुलीचं लग्न मोडायला आलं होतं.

मुलगी मात्र धीराची. तिने मला तीनदा समजावलं. "सर, काकांनी शेअर घेतलेच नव्हते. ऑप्शन घेतला होता. तो काल संपला. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संपतोच." संपतो म्हणजे काय, मला कळेना. हवालदाराने विचारलं, "मग गेला कुठे? मुद्देमाल कुठेतरी असणार ना?" ती म्हणाली, "कुठेच नाही, संपला."

मी काकांना आणि दलालाला बोलावून घेतलं. दलाल येताच खुर्ची ओढून बसला. मी त्याला उभं केलं. मग नेहमीच्या पद्धतीप्रमाणे काकांना विचारलं, पैसे आणले कुठून? तपासात हा प्रश्न विचारावाच लागतो.

"गावची हापूसची कलमं आहेत ना," काका म्हणाले. "मोहोर धरला की व्यापारी येतो, पेटीचा भाव ठरवतो, विसार देतो. अमुक तारखेपर्यंत येऊन माल उचलायचा. गेल्या साली बाजारात भाव पडला, तर तो फिरकलाच नाही. मग विसार माझा झाला. त्यातलेच हे पैसे."

"त्याने विसार परत मागितला नाही?" मी विचारलं.

"कसा मागेल? तारीख गेली. नियमच आहे तसा."

मुलगी एकदम पुढे सरकली. "काका, मग तुम्ही पण तेच केलंत. साठ रुपये हा विसार होता. सव्वीसशेला शेअर उचलायचा हक्क, गुरुवारपर्यंत. भाव तिथवर गेलाच नाही. तारीख गेली."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "मी महिनाभर विसाराच्या पावतीची पूजा केली?"

आधी हवालदार हसला, मग महिला शिपाई, मग मुलीचे वडील, आणि शेवटी काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तीस हजार घालवून असा मनापासून हसलेला फिर्यादी मी दुसरा पाहिला नाही.

मुलगी प्रामाणिक होती. "मी तारीख सांगितली होती, सर. काका म्हणाले, मला घाई नाही, मी ठेवणार आहे. तिथेच मी थांबवायला हवं होतं. पण मागे गिऱ्हाईकं उभी होती." काकांना हा स्वस्त शेअर म्हणून गळ्यात मारला कोणी, तर दलालाने. गिऱ्हाईक जितके सौदे करील तितकी त्याची दलाली. मी त्याची चांगली खरडपट्टी काढली आणि मुलीची काही चूक नाही असा जबाब त्याच्याकडून लिहून घेतला. अर्जावर शेरा मारला, 'चोरी झालेली नाही.' हे तीन शब्द लिहिताना जेवढा आनंद झाला तेवढा मोठमोठ्या गुन्ह्यांची उकल करूनही झाला नव्हता.

पण कागदावरचा शेरा गावाला कोण दाखवणार? शनिवारी मुलाकडची मंडळी गोडदेवला बोलणी करायला येणार होती. काका स्वतःहून म्हणाले, "मी येतो." आम्ही दोघे साध्या कपड्यांत गेलो. ओटीवर पंधरा-वीस माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली. काकांनी उभं राहून कलमांपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. "गाढवपणा माझा, आणि बोल लागला या पोरीला," म्हणून हात जोडले. मीही माफी मागितली. मुलाची आई पदराने डोळे पुसत हसत होती. "पोलिसाला नि दलालाला जे समजावता आलं न्हाय ते हिने समजावलं," ती म्हणाली. "अशी सून सोडायला आम्ही काय खुळे हाव?"

नव्या माणसाने ऑप्शन घ्यावा की शेअर, असं आता सोसायटीतली तरुण मुलं मला विचारतात. मी सांगतो, धंदा कळतो अशा कंपनीचे थोडे शेअर घ्या. तेही पडतात, पण महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी नाहीसे होत नाहीत. ऑप्शन काय आहे हे घरच्यांना साध्या मराठीत सांगता येईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. काका पुढे त्याच मुलीकडून दहा-दहा शेअर घेत राहिले आणि दर वेळी विचारत, "याला तारीख नाही ना?"

मी स्वतः शिकलो ते वेगळं. कागद नीट वाचल्याशिवाय कोणाच्या दारात वर्दी पाठवायची नाही. त्यानंतर हातात कागद नसताना माझ्यामुळे कोणाच्या दारात वर्दी गेली नाही, एक वेळ सोडून.

शनिवारी निघताना मुलीच्या वडिलांनी माझा हात धरला होता. "साहेब, साखरपुड्याला या. पन वर्दीत या. गावाने पोलीस आमच्या दारात आलेला बघितलाय, आता त्याला आमच्या दारात नाचताना बघू दे."

रविवारी ड्युटी संपवून मी वर्दीतच गेलो. बँजो जोरात वाजत होता. टोपी हवालदाराच्या हातात दिली आणि सगळ्या गावासमोर मनसोक्त नाचलो.