मागच्या काचेचं रबर

माझ्या आत्तीचे यजमान, म्हणजे आमच्या घरच्या रीतीनं मामा, यांच्यावर गेल्या वैशाखातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता अन्याय झाला. तो ई-मेलनं झाला, इंग्रजीत झाला, आणि झाला तेव्हा मामा उद्यमनगरातल्या आपल्या लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, एका पितळी बुशला, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या कड्याला, गोलाई देत उभे होते. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. बंद पडलेल्या रस्त्यावरच्या दिव्यांपासून तळ्यात सोडलेल्या सांडपाण्यापर्यंत पुष्कळ गोष्टींवर मी लिहिलंय आणि चौकाचौकांत उभी राहून वाटलंय, त्यामुळं कुणावर आणि कधी हे आधी सांगून टाकायची सवय आहे. आता मामा कोण ते सांगते. या जिल्ह्यात त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस दुसरा नाही, आणि एका बड्या मोटार कंपनीनं ज्याची धास्ती घ्यावी असाही दुसरा नाही.

मामांचा जीव एका मोटारीत अडकलाय. गाडीचं नाव चकोर. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, नावांवरून काय होतं ते आम्ही बघितलंय. ही चकोर बनवायचं कंपनीनं तीसेक वर्षांपूर्वी बंद केलं, पुढं सुटे भाग करायचंही बंद केलं, आणि असं काही आपण कधी केलं होतं हे विसरूनही गेली. मामा विसरले नाहीत. त्यांची चकोर फिकट पिस्त्याच्या रंगाची आहे. शिवाजी पेठेत घरासमोर ती उभी असते आणि तिचं नाक गल्लीत इतकं पुढं येतं की संध्याकाळी फुटबॉल खेळणारी पोरं तिला फुलबॅक धरूनच संघ पाडतात. सकाळी ती सुरू करण्याआधी मामा बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहतात. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणतात, "जागी हाय का बघतो. दचकून उठली की दिवसभर कुरकुर करती." चाळीसच्या वर त्यांनी ती कधी नेली नाही. आत्तीचं माहेर जयसिंगपूरला, तासाभराच्या अंतरावर. ती म्हणते, "ह्यांच्या गाडीनं माहेरला निघाले की पोचेस्तोवर माझी आई एका वर्षानं म्हातारी होती."

चकोरचा कुठलाही भाग मोडला तरी मामा तो लेथवर बनवतात. दाराची मूठ, गिअरच्या दांडीचा गोळा, खिडकी फिरवायचं हँडल, सगळं त्यांच्या हातचं. त्या गाडीत आता कंपनीचं किती आणि मामांचं किती हा प्रश्न कुणा विद्वानानं सोडवावा. एकच गोष्ट त्यांच्या हातची नाही, ती म्हणजे मागच्या काचेभोवतीचं रबर. ते सुकून चिरा पडल्यात, त्यातून पाणी झिरपतं आणि मागची सीट कायम ओलसर असते. बाजारातली दुसरी रबरं लावून बघितली, एकही त्या काचेच्या वळणाला बसलं नाही. "लोखंड माझं ऐकतंय," मामा म्हणतात, "रबर न्हाय ऐकत. ते साच्यातनं यावं लागतंय, आन साचा कंपनीकडं." म्हणून मागच्या सीटवर घडी घातलेला टॉवेल असतो, आणि त्या टॉवेलवर बसून मी लहानपणापासून नृसिंहवाडीला जात आले.

दर गुरुवारी वाडी. ही वाट मला अजून अर्धवट झोपेत आठवते, कारण चकोरमध्ये पूर्ण जागं राहताच येत नाही. ती घरघरत नाही, गुणगुणते. दोन्ही बाजूंनी ऊस, थंडीच्या दिवसांत त्यावर पांढरे तुरे, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर खिडकीतून आत येऊन ओल्या रेक्झिनच्या वासात मिसळायचा, आणि मागून येणाऱ्या एस्ट्या, ट्रॅक्टर, एकदा तर एक सायकलवाला, आम्हाला ओलांडून पुढं जायचे. मामा प्रत्येकाला हात करायचे. मधेच म्हणायचे, "ऐक." मी कान द्यायची. काहीच ऐकू यायचं नाही. "तेच," ते म्हणायचे. "काय बी आवाज न्हाय. ह्येला म्हणायचं सुख." संगमावर पोचलो की ते गाडी नदीकडं तोंड करून लावायचे. तिला पाणी दिसावं म्हणून. दर्शन घेऊन, कवठाची बर्फी घेऊन आम्ही परत येईपर्यंत ती तिथं उन्हात एकटी उभी राहून नदीकडं बघत असायची, आणि मला लहानपणी खरोखर वाटायचं की ती काहीतरी विचार करतेय.

एवढं सुख एकट्यानं ठेवून घेणं मामांना जमलं नाही, म्हणून त्यांनी इंटरनेटवर जागा घेतली. एका बोटानं टाइप करायला शिकून त्यांनी चकोरवाल्यांसाठी संकेतस्थळ काढलं आणि त्याचा पत्ताही 'चकोरवाले' असाच नोंदवला. वर पहिल्याच ओळीत लिहिलं, "आमचा कंपनीशी काही संबंध नाही. कंपनीनं सोडली, आम्ही धरली." खाली गाडीच्या एकेका दुखण्याला एकेक पान. 'चढाला दम लागणे.' 'थंडीत रुसणे.' 'डावीकडे ओढ असणे, पण मनापासून नसणे.' प्रत्येक दुखण्यावर उपाय, आकृतीसह, फुकट. कुठं जाहिरात नाही, कुठं विक्री नाही. तळाशी मामांचा फोन नंबर. बारा वर्षांत त्यांनी अशी एवढी पानं लिहिली की सांगली-साताऱ्यापासून पार कुठल्याकुठल्या गावांतून चकोरवाले त्यांना फोन करू लागले, आणि लेथच्या मागच्या भिंतीवर मामांनी एक नकाशा लावला. जिथं चकोर चालू आहे तिथं हिरवी टाचणी.

एकदा गडहिंग्लजहून कुणा मास्तरांचा फोन आला. लग्नाचं वऱ्हाड, चकोरमध्ये नवरी, आणि गाडी भर दुपारी रस्त्यात बंद. मी तेव्हा लेथवरच होते. मामा म्हणाले, "पावणं, फोन बॉनेटजवळ धरा आन चावी मारा." मग लेथ बंद करून त्यांनी डोळे मिटले. "तापलीया. पेट्रोलची वाफ झालीया नळीत. इंजिनाशेजारी तो वाटीएवढा पंप हाय का, त्याच्यावर ओलं फडकं टाका आन च्या प्या."

"च्या प्यायला वेळ न्हाय हो, मुहूर्त हाय," मास्तर म्हणाले.

"मुहूर्त नवरीबिगर लागतोय व्हय? बसा की निवांत."

पाऊण तासानं मास्तरांचा फोन आला, गाडी निघाली होती. मामांनी नकाशावर गडहिंग्लजची टाचणी उगाचच जरा दाबून घट्ट केली.

आणि मग कंपनीला चकोर आठवली. नवी, विजेवर चालणारी मोटार काढायची आणि तिला जुनंच नाव द्यायचं असं ठरलं. नावाची नोंदणी कंपनीकडं होतीच. इंटरनेटवर बघतात तर 'चकोरवाले' या पत्त्यावर उद्यमनगरातला एक लेथवाला 'थंडीत रुसणे' लिहीत बसलाय. वकिलांची नोटीस आली. इंग्रजीत होती, मामांना वाचता येत नव्हती, पण वरचं कंपनीचं चिन्ह त्यांनी ओळखलं. हेच चिन्ह गाडीच्या नाकावर आहे. वीस वर्षं रबरासाठी ते कंपनीला पत्रं लिहीत होते, एकालाही उत्तर नव्हतं. आता आलं. मी संध्याकाळी घरी गेले तर नोटीस चकोरच्या काचेमागं उभी करून ठेवलेली, तिला झेंडूचा हार, आणि आत्ती गल्लीत पेढे वाटतेय.

मी नोटीस वाचून दाखवली. तुम्ही आमचं नाव वापरता, लोकांची दिशाभूल करता, पत्ता आमच्या स्वाधीन करा, अन्यथा लवादापुढं जाऊ. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हार सरळ केला. दोन दिवसांनी वकिलाचा फोनही आला. मराठी यायचं त्यांना, पण पुण्याकडचं. "आपण हा पत्ता नेमका कशासाठी वापरता?"

"वापरतो म्हंजे?" मामा म्हणाले. "राहतो की आमी तितं. जेवण झालं का तुमचं?"

वकील म्हणाले, पत्ता सोडण्याबाबत तुमची अपेक्षा काय ती लेखी कळवा. इथं माझी चूक झाली, आणि ती मी लपवणार नाही. उत्तर मी लिहायला बसले. बाणेदार लिहिलं. ज्यांनी गाडीला वाऱ्यावर सोडलं त्यांनी नावावर हक्क सांगू नये, वगैरे. खाली जागा उरली. मी म्हटलं, "मामा, मागणीशिवाय पत्रक नसतं. शेवटी मागणी पाहिजे. तुम्हाला काय पाहिजे?" मामांनी गाडीच्या मागच्या काचेकडं बघितलं. मग म्हणाले, "लिही. मागच्या काचेचं रबर द्यावं. नाव घ्या म्हणावं पायजे तर."

मी लिहिलं. शोभेलसं वाटलं म्हणून अधोरेखितही केलं.

लवादाचा निकाल म्हणजेच तो मंगळवारचा ई-मेल. पत्ता कंपनीला द्यावा. नाव सारखं आहे, संकेतस्थळ हौसेचं असलं तरी नावावर हक्क येत नाही, आणि हेतू वाईट असल्याचा पुरावा म्हणून आमचंच पत्र जोडलेलं. पत्ता सोडायच्या बदल्यात प्रतिवादीनं कंपनीकडं मोबदला मागितला, असं लिहिलं होतं. मोबदला कोणता, तेही लिहिलं होतं. मी लेथवर उभी राहून ते मराठीत सांगत होते आणि माझा आवाज चढत होता. मला सांगा, ज्या माणसानं बारा वर्षांत कुणाकडनं चहासुद्धा घेतला नाही त्याचा हेतू वाईट, आणि वीस वर्षं पत्राला उत्तर न देणाऱ्यांचा चांगला? मामांनी बुश हातात फिरवत सगळं ऐकलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हंजे रबराचं वाचलं त्यांनी," ते म्हणाले. "मग धाडतील की. नाव घेतलं, आता रबर धाडतील."

पुढचे पंधरा दिवस कुरिअरवाल्याची गाडी उद्यमनगरात शिरली की मामा लेथ बंद करून दारात येत होते.

आता त्या पत्त्यावर गेलं की एक चकाकणारी मोटार दिसते आणि 'लवकरच' असं लिहिलेलं. 'चढाला दम लागणे' नाही, 'थंडीत रुसणे' नाही. ती पानं माझ्याकडं एका पेन ड्राइव्हवर आहेत. दुसऱ्या नावानं पुन्हा मांडू म्हटलं तर मामा म्हणतात, "मांड की. पर चकोरवाल्यास्नी कसं कळायचं, आमी घर बदललं म्हणून?" फोन कमी झाले. मग थांबले. गेल्या गुरुवारी वाडीला जाताना त्यांनी मधेच "ऐक" म्हटलं. मी कान दिला. ऊस, वारा, चकोरचं गुणगुणणं. त्यांच्या खिशातला फोन वाजत नव्हता, तेवढंच मला ऐकू आलं. "तेच," ते या वेळी म्हणाले नाहीत. संगमावर गाडी नदीकडं तोंड करून लावली आणि आम्ही तिघं, मामा, मी आणि चकोर, पाण्याकडं बघत राहिलो.

हे पत्रक मी लिहिलं तेव्हा शेवटी मोठ्या अक्षरांत मागणी होती, नाव परत करा. मामांनी वाचून ती ओळ पेन्सिलीनं खोडली. खोडलेल्या जागी त्यांनी जे लिहिलं ते मी माझ्या शब्दांत सांगतेय, आणि या वेळी ते कंपनीला उद्देशून नाही, तुम्हाला आहे. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, बंद गॅरेजमध्ये एखादी चकोर धूळ खात उभी असेल. तिच्या मागच्या काचेचं रबर चांगलं असेल तर ते कापू नका, ओढू नका. गाडी आहे तशी ठेवा आणि उद्यमनगरात येऊन मामांना सांगा. ते स्वतः येतील, चाळीसच्या वेगानं. आणि रबर नसलं तरी या. चकोर कुठं आहे तेवढं सांगा, टाचणी लावायची आहे.