शेपटीकडची माणसं

फ्रान्समधल्या ल्यों गावच्या माणसाला बेलकूर चौकात कुणाला बोलवायचं असेल तर तो फक्त वेळ सांगतो. जागा ठरलेलीच असते, चौकातल्या पुतळ्याच्या घोड्याच्या शेपटीखाली. घोड्यावर चौदावा लुई राजा बसलेला आहे, पण त्याच्याकडे मान वर करून बघायला गावातल्या माणसाला सवड नसते. शेपटीखाली लग्नं जुळतात, मोडतात, उसनी नेलेली पुस्तकं परत होतात. तोंडाकडे उभे राहतात ते परगावचे लोक आणि कबुतरं.

बेनुआत शाव्हासिए या बाबतीत कट्टर होती. नवराही तिला शेपटीखालीच भेटला होता. पहिल्या भेटीला तो दहा मिनिटं उशिरा आला आणि ती दहा मिनिटं तिने त्याला तो मरेपर्यंत ऐकवली. क्रुआ-रूसच्या चढावर, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून तिने बेचाळीस वर्षं रेशमी रुमालांच्या कडा वळल्या. बोट जिभेला लावायचं, कड अंगठ्याखाली गुंडाळायची आणि दिसणार नाही असा टाका घालायचा. टाका दिसला की रुमाल परत. आईने दोघी बहिणींना हे काम एकाच रुमालावर शिकवलं होतं. एका कोपऱ्यातून एकीने डावीकडे निघायचं, दुसरीने उजवीकडे, आणि समोरच्या कोपऱ्यात एकमेकींना गाठायचं. कुठे एकीचं संपलं आणि दुसरीचं लागलं ते आईलाही सांगता येत नसे.

धाकटी आंतोनीन चोविसाव्या वर्षी एका खलाशाशी लग्न करून मार्सेयला गेली. आई गेली तेव्हा ती दफनाच्या सकाळी कशीबशी पोचली, तोवर पेटी बंद झाली होती. दफनानंतर माणसं घरी जमली. आंतोनीनने सवयीने कपाट उघडून बशा काढायला घेतल्या. बेनुआतने तिच्या हातातली बशी काढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तू बस. पाहुण्यांनी भांड्यांना हात लावायचा नसतो."

आंतोनीन बसलीही नाही. डोक्यावरची टोपी सारखी करून सरळ स्टेशनावर गेली. खरी गोष्ट अशी की आईचं जास्त झाल्याची तार घालायचं काम बेनुआतचं होतं, आणि ती तिने दीड दिवस उशिरा घातली होती. शुश्रूषा आपण करायची आणि रडायला मात्र धाकटीने यायचं, हा राग होता. स्वतःची चूक माहीत असलेला माणूस दुसऱ्यावर जास्त जोरात ओरडतो, तशातलाच तो प्रकार. त्यानंतर अकरा वर्षं पत्र नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं म्हणतात. इथे तर पीळ दोन होते.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात मार्सेयहून दोन ओळींचं कार्ड आलं. रविवारी येतेय, चार वाजता, चौकात. बेनुआत तेव्हा सदुसष्टची होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि काम हातातून सुटत चाललं होतं. या जगात तिचं रक्ताचं असं एकच माणूस उरलं होतं आणि ते तिला परत हवं होतं. आठवडाभर भिंगाखाली डोळे फोडून तिने निळ्या रेशमाचा एक रुमाल वळला. आंतोनीनला निळा आवडायचा.

रविवारी ती साडेतीनपासून शेपटीखाली उभी होती. तिच्या शेजारी सात-आठ जण आले, भेटले, गेले. सहा वाजता ती चौकातल्या लाल मातीने भरलेले बूट घेऊन जिने चढली. खालच्या मजल्यावरचा जोआनेस बुर्दँ, मागांची दुरुस्ती करून निवृत्त झालेला म्हातारा, दारातच होता. त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, खलाशाची बायको ती, वारा फिरला असेल. मग वर जाऊन तिने रुमाल कागदात गुंडाळून ठेवला आणि सूप न पिताच झोपली.

गुरुवारी पत्र आलं. जोआनेसला चष्मा लावून वाचायला सांगावं लागलं, म्हणून ते त्यालाही कळलं. आंतोनीनने लिहिलं होतं, 'मी दोन तास घोड्याच्या तोंडाकडे उभी होते. पाहुण्यांची जागा तीच, आणि तू मला पाहुणी केलंस. तू शोधत येशील असं वाटलं होतं.'

घोडं अडलं ते हे असं. दोघींच्या मध्ये एक दगडी चौथरा, पंधराएक पावलं. पण ल्योंमध्ये जन्मलेली मुलगी तोंडाकडे उभी राहील हे बेनुआतच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

जोआनेसने पत्राची घडी घातली. "घोडा एकच होता," तो म्हणाला, "गाढवं मात्र दोन."

बेनुआतने त्याला दार दाखवलं. मग तिने कार्ड लिहिलं, तेही दोन ओळींचंच. येत्या रविवारी, चार वाजता, चौकात. माफीचा शब्द लिहायला कार्डावर जागा होती, पण तिने लिहिला नाही.

त्या रविवारी चौकात शिरल्यावर तिचे पाय शेपटीकडेच वळले. तिने ते ओढून तोंडाकडे नेले. तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. एका जर्मन माणसाने तिला हातवारे करून बाजूला व्हायला सांगितलं. मग बिस्किटांची पुडी सांभाळत एक बाई थांबली, चांगली ल्योंचीच, आणि कीव येऊन मोठ्याने विचारू लागली, "वाट चुकलात का, बाई? कुठल्या गावच्या?"

"इथलीच," बेनुआत म्हणाली.

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती निघून गेली. विश्वास काही तिला बसला नव्हता. बेनुआतचे कान तापले. अकरा वर्षांपूर्वी हातातली बशी काढून घेतल्यावर आंतोनीनला कसं वाटलं असेल, ते तिला तेव्हा कळलं.

सव्वाचार झाले. आंतोनीन पलीकडे तर नसेल, असं मनात येत होतं. पण आपण तिकडे जावं आणि ती नेमकी इथे यावी, ही धास्ती होती. बेनुआत हलली नाही. साडेचारला चौथऱ्याला वळसा घालून एक पांढऱ्या केसांची बाई आली, थंडीने नाक लाल झालेली.

"अर्धा तास झाला, तिकडे उभी आहे मी," आंतोनीन म्हणाली. "गाडीत बसतानाच ठरवलं होतं. आज शेपटीकडेच उभं राहायचं, हाकललंस तर हाकल. तू इथे काय करतेयस?"

"आज मी पाहुणी."

बेनुआतने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाली, "तार मी उशिरा घातली होती. मुद्दाम."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तारेवर वेळ छापलेली असते, बेनुआत. तेव्हापासून जपून ठेवलीय मी ती. म्हटलं, कधीतरी तूच सांगशील."

बेनुआतला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. आंतोनीनने तिचा हात धरला. रुमालाची पुडी पुढे आली तेव्हा तिने आधी रंग नाही, कडच पाहिली. अंगठ्याखालून चारही बाजू फिरवल्या आणि एका कोपऱ्यात थांबली.

"इथे टाका दिसतोय."

"डोळे गेले माझे."

"सुईदोरा आहे ना घरी? उसवून मी घालते." तिने रुमाल गळ्याला बांधला. "आता चल इथून. लोक आपल्याला परगावचं समजतील."

दोघी चौथऱ्याला वळसा घालून पलीकडे गेल्या. भेटायचं आता कुणालाच नव्हतं, तरी घटकाभर शेपटीखाली उभ्या राहिल्या.