पिंपळगावची सुवासिक वाइन आणि तळघराची चौथी पायरी

नाशिकला वाइन प्यायला जायचं, असं आज कुणी म्हटलं तर नवल वाटत नाही. आम्ही गेलो ते ऐंशीच्या दशकात. तेव्हा माझ्या सासूबाईंना आम्ही ‘द्राक्षं आणायला जातो’ एवढंच सांगितलं होतं.

श्रीधरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर निवृत्त होऊन पिंपळगाव बसवंतजवळ मळ्यात राहायला गेले होते. घरच्यापुरती पांढरी वाइन करायचे. ‘चाखायला या’ असं त्यांचं पत्र आलं आणि आम्ही पुण्याच्या शिवाजीनगरहून पहाटेची एसटी धरली. नाशिकला गाडी बदलली, पिंपळगावच्या फाट्यावर उतरलो आणि पुढे द्राक्षाच्या पेट्या न्यायला निघालेल्या टेम्पोत बसलो. तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्चच गाठा. सगळ्या रस्त्याला पिकल्या द्राक्षांचा वास असतो.

सरांनी दारातच बजावलं, “मागच्या तळघरात यंदाचा रस आंबतोय. माझ्याशिवाय खाली उतरायचं नाही.”

जेवण सरांच्या बायकोनं, काकूंनी, रांधलं होतं. वाइन गेल्या वर्षीची. भोकरी द्राक्षांचा रस आणि कुठल्याशा परदेशी कलमाचा अत्तरासारखा रस एकत्र केलेला. स्टीलच्या पेल्यात नाक घातलं तर आधी मोगरा, मग संत्र्याची साल. काकूंनी आधी केळ्याचं शिकरण पुढे केलं. त्यावर वाइन नुसती आंबट लागली. मग झणझणीत शेवभाजी आणि बाजरीची भाकरी आली. तिखटानं जीभ पेटली की एक घोट घ्यायचा. तो गोडसर, गार घोट तिखट विझवायचा आणि मसाल्याचा सुगंध मागे ठेवायचा.

“तिखटासंगंच गोडी कळती हिची,” काकू म्हणाल्या.

बाटली संपली. सर हात धुवायला उठले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, श्रीधर जागेवर नाही.

तळघराचं दार उघडं होतं. भर दुपारी आत काळोख. खालून पिंपांचं बुडबुडणं ऐकू येत होतं, माणसं दबक्या आवाजात बोलत असावीत तसं. मी हाक मारली.

“ये ना,” श्रीधर खालून म्हणाला. आवाज त्याचाच, पण झोपेतला. “किती छान आहे इथं.”

मी पाऊल टाकणार तोच काकूंनी मागून दंड पकडला. त्यांनी कंदील दोरीनं खाली सोडला. वारा नव्हता, काही नव्हतं. तिसऱ्या पायरीपाशी ज्योत आखडली आणि विझली. विझता विझता मला श्रीधर दिसला. चौथ्या पायरीवर बसून हसत होता, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा.

सर धावत आले. छाती भरून श्वास घेतला, खाली गेले आणि त्याला बगलेत धरून उचललं. आम्ही दोघींनी वरून ओढलं. अंगणात त्याचे ओठ निळसर दिसत होते. मी त्याच्या गालांवर चापट्या मारत होते आणि रडत होते.

“रस आंबताना गॅस निघतो, तो तळाशी साचतो,” सर धापा टाकत म्हणाले. “वास नाही, रंग नाही.”

श्रीधरनं डोळे उघडले. “वास होता,” तो म्हणाला. “फार सुंदर. आणि कुणीतरी म्हणत होतं, जरा टेक.”

काकू सरांकडे बघून म्हणाल्या, “माझा दीर बी हेच बोलला हुता. पहिल्यांदा काढला तवा.”

“आणि नंतर?” मी विचारलं.

“तो पुन्हा गेला ना. दुसऱ्यांदा नाय काढता आला.”

त्याच दुपारी आम्ही निघालो. पुण्यात डॉक्टरांनी तपासलं, श्रीधर ठणठणीत होता. ती चव मला अजून आठवते. शेवभाजीबरोबर तसं काही पुन्हा प्यायले नाही. पण बाजारात द्राक्षं आली की दर वर्षी श्रीधर अगदी सहज विचारतो, “एकदा सरांकडे जाऊन येऊ या का?”

सर जाऊन बरीच वर्षं झाली. हे त्याला माहीत आहे.