व्यंकटअण्णाचे तीन अडॅप्टर

हुमनाबादला बसस्टँडच्या मागं माझं इलेक्ट्रिकचं दुकान हाय. वायरमन लोक रोज डोकं खात्यात, पण दुबलगुंडीच्या व्यंकटअण्णाएवढं कुणीच खाल्लं न्हाई. माझ्या माहेरगावचा माणूस, म्हणून ऐकून घ्यायचं. चाळीस वर्सं त्यानं गावात घराघरात वायरिंग केलं. बायको लवकर गेली, एकुलती ज्योत्स्ना त्यानंच वाढवली. पोरगी हुशार निघाली, जर्मनीला शिकायला गेली. त्या दिवसापासनं अण्णाचं एकच तुणतुणं, "सुधा, मी बी जाणार हाय. एकदा तिच्या हातचं जेवून येतो."

तिकिटाचा पत्ता न्हाई आणि हा बाबा आधी अडॅप्टर घ्यायला आला. म्हणला, तिथल्या भिंतीत आपली पिन बसत न्हाई म्हणं.

"काय चार्ज करणार हायस तिथं?"

"फोन. आणि बॅटरी."

अंधारात वापरायची टॉर्च हो! "अरे, तिथं लाईट जात न्हाई."

"न जाऊ दे. उशाला असली की बरं वाटतंय."

मी सगळ्या देशांत चालणारा अडॅप्टर दाखवला, कुठलीबी पिन घेणारा. त्यानं पिन घालून हलवून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "ढिलं हाय. ठिणगी पडंल. पोरीच्या घरात ठिणगी पाडू व्हय मी?" मग हैदराबादहून खास जर्मनीचा मागवला, दोन जाड गोल खुंट्यांचा.

पोरगी म्हणली, हॉस्टेलात बाहेरच्याला राहू देत न्हाईत. पुढं ती इंग्लंडला नोकरीला लागली. तिथल्या खुंट्या चौकोनी आणि तीन, म्हणून दुसरा घेतला. तर तिथं एका घरात चौघी पोरी. मग लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली, तिथं खुंट्या तिरप्या! तिसरा घेतला, पासपोर्ट बी काढला. पण नात झाली तवा तिचे सासू-सासरे गेले आणि पोरगी ह्याला म्हणली, अण्णा, तुम्ही पुढच्या वर्षी या.

मला असला संताप आला म्हणता! "फोन लाव आणि चांगलं खडसाव तिला."

"कामून? लेकराचा ताण काय कमी हाय तिला?" म्हणत त्यानं अडॅप्टर रुमालात बांधला. डोळे मात्र भरले होते त्याचे. मी बी मग वायर मोजायला लागले.

ह्या मे महिन्यात पोरगीच आली, नातीला घेऊन, आठ दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा धापा टाकत दुकानात. तिन्ही अडॅप्टर त्यानं काउंटरवर मांडले. "सुधा, एकबी लागंना. तिच्या फोनची पिन ह्यात शिरतच न्हाई."

मला हसू फुटलं. "शिरंल कशी? इकडची पिन घेऊन तिकडं जायचे हायत हे तिन्ही. तिला तिकडची पिन घेऊन इकडं यायचा पाहिजे."

अख्ख्या गावाचं वायरिंग केलेला माणूस तिन्ही अडॅप्टर उलटेपालटे करून बघायला लागला. मग हळूच म्हणला, "यायचा बी घेऊन ठेवावा, हे सुचलंच न्हाई बघ. ती येईल असं कधी वाटलंच न्हाई मला."

माझं हसू तिथंच विरलं. मी तोच जुना, सगळ्या पिना घेणारा अडॅप्टर पुढं केला. म्हणलं, आठ दिवस चालतंय, ने. त्यानं हातात बी घेतला न्हाई. भिंतीत पक्कं बसवायचं सॉकेट मागितलं, ऑस्ट्रेलियाची पिन घट्ट धरणारं.

"आठ दिवसांसाठी भिंत फोडायलास व्हय?"

"परत आली तर अडायला नको तिचं."

पोरगी गेली. परवा अण्णा वायरीला गुंडाळायची टेप न्यायला आला. मी विचारलं, सॉकेट चालतंय का?

"चालतंय की. रोज टेस्टर लावून बघतो." टेप खिशात घालत म्हणला, "माझा फोन मी दुसरीकडंच लावतो. ते तिचं हाय."